बटण सोडलं तरी फिरतंच राहतं

वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रॉनिक्स आणि छोटे प्रकल्प

या अंकासाठी निवडलेली पाचही पत्रं एकाच दुखण्याची आहेत. लॅपटॉपवर बटण दाबलं जातं आणि पलीकडची मोटर किंवा सर्व्हो (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी छोटी मोटर) आपल्या सवडीने हलतो. पत्रं थोडी काटछाट करून देतो आहे, नावं गाळली आहेत. कराडच्या पत्राला सगळ्यात जास्त जागा गेली, त्याला इलाज नाही. बाकीच्यांनी आधी ते उत्तर वाचावं, मग आपापलं.

प्रश्न : सर, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वेबकॅम डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरवणारा स्टँड हा आमच्या गटाचा प्रोजेक्ट. दोन एसजी-९० सर्व्हो, अर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डाचा क्लोन (नक्कल केलेला स्वस्त बोर्ड), लॅपटॉपवर पायथन, त्यात बटणं वाचायला पायगेम आणि बोर्डाशी बोलायला पायसिरियल. बाणाचं बटण दाबलं की एक अक्षर बोर्डाकडे जातं. सुरुवातीला सर्व्हो बरोबर एक सेकंद उशिरा हलायचा, आणि बटण दाबून धरलं तर हलायचाच नाही. मित्राने बोर्डावरच्या कोडमधलं रीडस्ट्रिंग काढून नुसतं रीड टाकायला सांगितलं. आता बटण पटकन दाबून सोडलं तर लगेच हलतो. पण दाबून धरलं, सर्व्हो टोकाला गेला आणि मग उलटं बटण दाबलं, तर चार-पाच सेकंद ढिम्म. गाइड सरांनी बॉड रेट (तारेवरून अक्षरं जायचा वेग) वाढवायला सांगितला. ९६०० चा ११५२०० केला, काही फरक नाही. क्लोन बोर्ड स्लो असतो का? ओरिजिनल घ्यावा का? बाहेरच्या परीक्षकांची एक्सटर्नल जवळ आली आहे. — एक विद्यार्थी, कराड

उत्तर : नवा बोर्ड घेऊ नका. क्लोनवरही तीच एटीमेगा ३२८पी आणि तोच १६ मेगाहर्ट्झचा वेग. वेगळी असते ती यूएसबीकडची चिप, आणि तुमच्या चार-पाच सेकंदांशी तिचा काडीचा संबंध नाही. बॉड रेटने फरक पडणार नव्हताच. ९६०० ला एक अक्षर तारेवरून जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, ११५२०० ला त्याचा बारावा हिस्सा. म्हणजे एवढी खटपट करून अक्षरामागे मिलिसेकंदभरही वाचला नाही, आणि तुम्हाला हुडकायचेत चार-पाच हजार. उशीर म्हटलं की सगळेच आधी बॉड रेटवर हात टाकतात, त्यात गाइड सरांना बोल लावायचं कारण नाही. पण तारेवर गर्दी आहे का, एवढं तरी बघावं. ९६०० ला सेकंदाला ९६० अक्षरं जाऊ शकतात. तुमचा प्रोग्राम पाठवतो साठ.

मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. सीझनमध्ये रात्री-अपरात्री पॅन स्टेशनवरून निरोप यायचा, व्हॉल्व्ह ऐकत नाही म्हणून. मी जागेवरून उठायच्या आधी एकच विचारायचो : उशीर दर वेळी तेवढाच होतोय, का वाढत चाललाय? तेवढाच असेल तर कुठेतरी कोणीतरी कशाची तरी वाट बघत बसलंय. वाढत असेल तर कुठेतरी साठत चाललंय. एकावरचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. तुमच्याकडे ही दोन्ही दुखणी होती. पहिलं मित्राने घालवलं, तेव्हा मागे लपलेलं दुसरं दिसायला लागलं.

तुम्ही पाठवलेला कोड समोर ठेवूनच सांगतो. रीडस्ट्रिंग या फंक्शनला तुमचं वाक्य कुठे संपलं हे कळत नाही. ते शेवटचं अक्षर आल्यावर आणखी काही येतंय का म्हणून थांबतं, आणि ही थांबायची मुदत कोणी बदलली नसेल तर १००० मिलिसेकंद असते. म्हणून बरोबर एक सेकंद. उशीर असा गोल आकड्याचा निघाला की कोडमध्ये कुठेतरी टाइमआउट आहे असं खुशाल समजावं. खरी यंत्रं इतकी नेमकी नसतात. आता दाबून धरल्यावर हलतच का नव्हता? तुमचं पायगेमचं चक्र सेकंदाला साठ वेळा फिरतं, आणि बटण खाली असेपर्यंत प्रत्येक फेरीत एक ‘एल’ (म्हणजे ‘डावीकडे’) धाडतं. दोन अक्षरांत सतरा मिलिसेकंदांचं अंतर. सेकंदाची शांतता मिळेचना, म्हणून रीडस्ट्रिंग गोळाच करत बसलं. बटण सोडल्यावर शेवटी जे हाती आलं ती शंभर-दीडशे ‘एल’ची माळ. तुमची अट विचारते, आलेला मजकूर ‘एल’ आहे का? नाही. विषय संपला, सर्व्हो जागच्या जागी.

रीड टाकल्यावर ही वाट बघणं संपलं. आता साठण्याकडे येऊ. बोर्डावरचा कोड एक अक्षर उचलतो आणि फॉर लूपमध्ये सर्व्होला एकेक अंश करत पाच अंश हलवतो, प्रत्येक अंशानंतर पंधरा मिलिसेकंदांचा डिले. एका अक्षराला पंच्याहत्तर मिलिसेकंद. सेकंदाला तेरा अक्षरं निपटतात, येतात साठ. पिठाच्या गिरणीत रांगेने डबे ठेवून माणूस घरी गेला तरी गिरणीवाला त्याचे डबे दळतच राहतो, तसं हे चाललंय. उनोवर आलेली अक्षरं ठेवायला चौसष्ट बाइटचा बफर असतो (एक अक्षर म्हणजे एक बाइट), प्रत्यक्षात त्यात त्रेसष्ट मावतात. तुमच्या वेगाने तो दीड सेकंदाच्या आतच भरतो. पुढची अक्षरं गुपचूप टाकून दिली जातात, कुठेही एरर येत नाही. बटण सोडता त्या क्षणी आत त्रेसष्ट ‘एल’ पडून आहेत. त्रेसष्ट गुणिले पंच्याहत्तर, म्हणजे ४७२५ मिलिसेकंद. पावणेपाच सेकंद. तुमचे ‘चार-पाच सेकंद’ ते हेच.

सर्व्हो मात्र बाहेरून थांबलेला दिसतो, कारण कोन १८० च्या पुढे जाऊ नये म्हणून तुम्ही कन्स्ट्रेन लावलंय. आत तो उरलेले ‘डावीकडे’, ‘डावीकडे’ इमानेइतबारे वाचतोय, फक्त जायला जागा नाही. ही थप्पी उपसून झाली की मग तुमच्या उलट्या बटणाची पाळी.

माझ्यावर विश्वास ठेवून कोड बदलायच्या आधी एक खात्री करा, एक्सटर्नलला सांगायलाही बरी पडेल. बोर्डावर ‘एल’ असं छापलेला छोटा दिवा असतो, तो तेरा नंबरच्या पिनवर आहे. अक्षर वाचल्याच्या पुढच्याच ओळीत, सर्व्होला हात लावायच्या आधी, तो दिवा उलटा करा. पेटलेला असेल तर विझवा, विझलेला असेल तर पेटवा. मग मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनला लावा आणि कीबोर्ड, बोर्ड आणि सर्व्हो तिन्ही एका चौकटीत घेऊन बटण दाबा. सेकंदाला २४० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे साधारण चार मिलिसेकंद. बोट खाली टेकलेली फ्रेम, दिवा बदललेली फ्रेम आणि सर्व्होचा पंखा (वरची पट्टी) हललेली फ्रेम, एवढ्या तीन जागा शोधून मधल्या फ्रेम मोजा. बोट ते दिवा हे अंतर लॅपटॉप, केबल आणि वाचून व्हायच्या अक्षरांचं. दिवा ते पंखा हे सर्व्हो आणि त्याच्या कोडचं. ऑसिलोस्कोप नसलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं मोजमाप मिळणार नाही, आणि फुकट आहे. साध्या यूएसबी कीबोर्डचे आठ-दहा मिलिसेकंद आणि सर्व्होला दर वीस मिलिसेकंदांनी एकदाच जाणारा पल्स, हे धरून चाला. तेवढा उशीर राहणारच, आणि तो हाताला कळत नाही.

आता दुरुस्ती. पंधराचा डिले दोन करावा असं तुमच्या मनात आलं असेल. करून बघा, उशीर गायब होईल. पुढे कोणीतरी त्याच कोडमध्ये एलसीडी जोडेल, लूप मंदावेल आणि रांग परत लागेल. खरी गोम अक्षराच्या अर्थात आहे. सध्या तुमच्या ‘एल’चा अर्थ ‘आणखी पाच अंश सरक’ असा आहे. असा हुकूम टाकून देता येत नाही, प्रत्येक पाळावाच लागतो. त्याऐवजी ‘या क्षणी कोणती बटणं खाली आहेत’ एवढंच पाठवा. चार बाण, चार बिट, एक बाइट. डावा आणि वरचा एकदम दाबला तर दोन बिट चढलेले, म्हणजे कॅमेरा तिरकाही जाईल, जो आत्ता जात नाही. असा बाइट शिळा झाला की निरुपयोगी, म्हणून बोर्डाने बफरमध्ये असतील तेवढे सगळे उपसायचे आणि शेवटचा फक्त ठेवायचा. रांग लागायला जागाच उरत नाही.

पायथनमध्ये हा बाइट दोनदाच पाठवायचा : कोणतंही बटण दाबलं किंवा सोडलं की लगेच, आणि काही बदललं नसलं तरी दर शंभर मिलिसेकंदांनी एकदा. दुसरं पाठवणं खबरदारीसाठी. बोर्डाला तीनशे मिलिसेकंद काहीच आलं नाही तर त्याने सगळं सोडलेलं समजून थांबायचं. बटण दाबलेलं असताना केबल निघाली किंवा लॅपटॉप झोपी गेला तर स्टँड फिरत राहू नये म्हणून. तुमचा स्टँड छोटा आहे, पण सवय आत्ताच लावून घ्या. पुढे हातात मोठी मोटर येईल.

बोर्डाकडचा फॉर लूप आणि डिले दोन्ही काढा. मुख्य लूप मोकळा पळू द्या. दर फेरीत बफर उपसा, आणि शेवटचा अंश हलवून पंधरा मिलिसेकंद झाले का हे मिलीजला (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन) विचारा. झाले असतील तर एक अंश सरका, नसतील तर पुढे चला. वेळ साठवायचं व्हेरिएबल अनसाइन्ड लाँगच घ्या. उनोवर साधा इंट ३२७६७ पर्यंतच मोजतो. त्यात वेळ ठेवलीत तर बत्तीस सेकंद सगळं गुण्यागोविंदाने चालेल, आणि पुढे सर्व्हो एकदम सुसाट सुटेल. परीक्षकांसमोर नेमका तेहतिसावा सेकंद उजाडतो.

एक्सटर्नलच्या दिवसासाठी आणखी एक. पायथनने पोर्ट उघडला की उनो रिसेट होतो आणि बूटलोडर (सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम) संपेपर्यंत तुमचा कोड सुरूच होत नाही. पोर्ट उघडल्यावर दोन सेकंद थांबून मगच पहिला बाइट पाठवा. आणि दोन्ही सर्व्होंची वीज बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनवरून घेतलेली फोटोत दिसतेय, ती तोडा. सर्व्हो टोकाला अडकून घुरघुरायला लागला की करंट भसकन वाढतो, व्होल्टेज बसतं, बोर्ड रिसेट होतो, आणि बघणाऱ्याला वाटतं प्रोग्राम अडकला. पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा वेगळा अडॅप्टर द्या. ग्राउंड मात्र बोर्डाच्या ग्राउंडला जोडायचं विसरू नका, नाहीतर सर्व्हो थरथरत बसेल.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. आमच्या शाळेच्या टिंकरिंग लॅबमध्ये आम्ही गाडी केली आहे. लॅपटॉपच्या कीबोर्डवरून ब्लूटूथने चालते. पुढे काही आलं की थांबावी म्हणून अल्ट्रासोनिक सेन्सर लावला आहे. वर्गात गाडी पटापट ऐकते, पण मैदानावर नेली की खूप उशिरा ऐकते. ब्लूटूथची रेंज कमी आहे असं सगळे म्हणतात, पण मी लॅपटॉप घेऊन गाडीच्या शेजारीच उभी होते. — एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : शेजारी उभं राहून बघितलंस हे फार छान केलंस. तिथेच ब्लूटूथ सुटलं. आता वर्गात आहे आणि मैदानावर नाही असं काय, ते बघ. भिंती! सेन्सर आवाज सोडतो आणि परत यायची वाट बघतो. वर्गात भिंत जवळ, बाकं जवळ, आवाज लगेच परत येतो. एक मीटरवरच्या भिंतीवरून जाऊन-येऊन सहा मिलिसेकंदही लागत नाहीत. मैदानावर आवाज गेला तो गेलाच. तुझ्या कोडमधलं पल्सइन हे फंक्शन उत्तर आलं नाही तर एक सेकंदापर्यंत थांबू शकतं. तुझा सेन्सर एचसी-एसआर०४ आहे. तो सहसा त्याआधीच हार मानतो, पण त्यालाही वेळ लागतो आणि कोणता नग किती वेळ घेईल याचा नेम नाही. तोवर गाडीला तुझं बटण ऐकायला सवड कुठली?

पल्सइनला तिसरा आकडा देता येतो, किती मायक्रोसेकंद थांबायचं त्याचा. १२००० दे. तेवढ्यात दोन मीटरपर्यंतचं दिसतं आणि एवढ्या छोट्या गाडीला ते भरपूर झालं. आता नीट लक्ष दे. वेळ संपला तर पल्सइन शून्य परत देतं. ते शून्य तसंच अंतर म्हणून वापरलंस तर गाडीला वाटेल अडथळा नाकाला टेकलाय, आणि मोकळ्या मैदानात ती हटून बसेल. शून्य आलं की ‘समोर काही नाही’ असं समजायची वेगळी अट घाल. शिवाय प्रत्येक फेरीत मोजू नको, साठ मिलिसेकंदांतून एकदा मोजलंस की पुरे. आधीच्या आवाजाचा प्रतिध्वनी पुढच्या मोजणीत शिरत नाही. कसं चाललं ते कळव, आणि त्या ‘रेंज कमी आहे’वाल्यांनाही सांग.

प्रश्न : नेमप्लेट आणि ट्रॉफ्यांवर नावं कोरायचा माझा छोटा व्यवसाय आहे. उनो आणि त्यावरच्या जीआरबीएल या प्रोग्रामवर चालणारा सीएनसी राउटर (संगणकाने चालणारं कोरायचं मशीन) बनवून घेतला. संगणकावरच्या बाणांनी टूल जागेवर आणताना बटण सोडल्यावरही ते दोन-अडीच सेंटिमीटर पुढे जातं. परवा क्लँपवर आपटून बिट (कोरायचं पातं) मोडला. मशीन बनवून देणारा म्हणतो, बटण हळू दाबा. — एक व्यावसायिक, इचलकरंजी

उत्तर : बिटवर निभावलं, हे नशीब. बटण हळू दाबून काही होणार नाही. बटण दाबून धरलं की विंडोज ते पुन्हापुन्हा दाबल्यासारखं दाखवतं, नेहमीच्या सेटिंगला सुरुवातीला अर्धा सेकंद थांबून मग सेकंदाला तीसेक वेळा. तुमचं सॉफ्टवेअर त्यातल्या प्रत्येक वेळी ‘एक मिलिमीटर पुढे’ अशी एक ओळ पाठवतं. मिनिटाला ५०० मिलिमीटर या वेगाने एक मिलिमीटर जायला १२० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला आठ ओळी. उरलेल्या साठतात, तेही दोन ठिकाणी. जीआरबीएल पुढच्या पंधराएक हालचाली आधीच आखून ठेवतं, आणि त्यामागे १२८ बाइटच्या बफरमध्ये आणखी आठेक ओळी बसतात. तेवीस मिलिमीटर झाले. तुमचं दोन-अडीच सेंटिमीटरचं मोजमाप अचूक आहे.

कोरताना हीच साठवण उपयोगाची असते, तिच्यामुळे टूल प्रत्येक ओळीला अडखळत नाही. हाताने टूल हलवताना तीच घात करते. जीआरबीएलच्या १.१ आवृत्तीत त्यासाठी वेगळा जॉग हुकूम आहे. तो डॉलर-जे-बरोबर ($J=) असा सुरू होतो, आणि तो मोडायला हेक्स ८५ (सोळा अंकांच्या पद्धतीत लिहिलेला आकडा) हा एकच बाइट पुरतो. हा बाइट रांगेत उभा राहत नाही. येता क्षणीच उचलला जातो, टूलचा वेग आवरून ते थांबतं आणि साठलेल्या जॉगच्या हालचाली पुसल्या जातात. बटण दाबल्यावर एकच लांब जॉग आणि सोडल्यावर हेक्स ८५, अशी व्यवस्था हवी. ती लांबीही टेबल जिथे संपतं तिथपर्यंतचीच.

मशीन चालू केल्यावर पडद्यावर पहिल्या ओळीत आवृत्ती येते. ०.९ असेल तर आधी १.१ चढवून घ्या. जुन्या सेटिंगचे आकडे वहीत उतरवून ठेवा, विशेषतः स्टेप प्रति मिलिमीटरचे, नाहीतर पुढची पाटी भलत्याच मापाची निघेल. मग तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये सलग जॉगची सोय आहे का ते पाहा. नसेल तर सॉफ्टवेअर बदला. हे जमेपर्यंत बटण धरून ठेवू नका, एकेकदाच दाबा आणि क्लँपच्या जवळ एका दाबाला सरकायचं पाऊल ०.१ मिलिमीटरवर आणा. आणि बनवून देणाऱ्याला एक विचारा : बटण दाबलेलं असताना दुसरी विंडो पुढे आली तर सोडल्याची खबर सॉफ्टवेअरला पोचते का? अँटिव्हायरसचा डबा मधेच वर येतो, तुम्ही बोट उचलता, सॉफ्टवेअरला पत्ताच नसतो. विंडो मागे गेली की हेक्स ८५ आपोआप जायला हवं. इमर्जन्सीचं लाल बटण मशीनला नसेल तर ते आजच बसवून घ्या. ते स्पिंडल आणि मोटरची वीज तोडणारं असावं, कोडला विनंती करणारं नको.

प्रश्न : पायथनमधून अर्डुइनो नॅनो बोर्डाला अक्षर पाठवतो, नॅनो रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवून ‘ओके’ म्हणून उत्तर देतो. पहिलं बटण लगेच लागू होतं. लगोलग दुसरं दाबलं तर सेकंदाने. मध्ये दोन-तीन सेकंद जाऊ दिले तर परत लगेच. — एक वाचक, पणजी

उत्तर : पुन्हा बरोबर एक सेकंद, म्हणजे टाइमआउट. तुम्ही लिहिलेल्या ओळींत पायथन रीडलाइनने उत्तराची वाट बघतंय, पोर्ट उघडताना टाइमआउट एक दिलाय, आणि नॅनो मात्र ‘ओके’ प्रिंटने पाठवतोय. रीडलाइनला ओळ संपल्याची खूण हवी असते, ती प्रिंट देत नाही, प्रिंटएलएन देतं. पायथन सेकंदभर तिथेच अडकतं आणि तेवढ्यात दाबलेलं बटण खोळंबतं. नॅनोच्या कोडमध्ये प्रिंटपुढे ‘एलएन’ ही दोन अक्षरं वाढवा, काम झालं.

नंतर प्रत्येक उत्तराला पंधरा-सोळा मिलिसेकंद लागताहेत असं दिसलं आणि नॅनोवर एफटीडीआय कंपनीची यूएसबी चिप असेल, तर तो त्या ड्रायव्हरचा लेटन्सी टायमर. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधल्या त्या पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये सोळा लिहिलेलं असतं, ते एक करा. रिलेसाठी ही उठाठेव गरजेची नाही. त्याचा काटाच हलायला पाच-दहा मिलिसेकंद घेतो.

प्रश्न : पायथनच्या टी-के-इंटरमध्ये (पडद्यावर विंडो बनवायची सोय) लिहिलेला प्रोग्राम. बटण दाबलं की मोटर चालू, सोडलं की बंद. विंडोजवर चोख चालतो. तोच उबुंटूवर चालवला तर बटण दाबून धरल्यावर मोटर तडतडते. कनेक्शन तीन वेळा तपासलं. — एक वाचक, नाशिक

उत्तर : कनेक्शन सोडा. बटण धरून ठेवल्यावर विंडोज नुसतं ‘दाबलं, दाबलं’ म्हणत राहतं. लिनक्सवरची एक्स ११ ही व्यवस्था ‘सोडलं, दाबलं, सोडलं, दाबलं’ म्हणते, बोट जागचं हललेलं नसताना. तुमचा प्रोग्राम प्रत्येक ‘सोडलं’ला मोटर बंद करतो, म्हणून तडतड.

‘सोडलं’ आल्यावर लगेच थांबू नका. टी-के-इंटरचं आफ्टर हे फंक्शन वापरून तीस मिलिसेकंदांनी थांबायचं ठरवा, आणि तेवढ्यात त्याच बटणाचं ‘दाबलं’ आलं तर ते रद्द करा. खोटं ‘सोडलं’ असेल तर जोडीचं ‘दाबलं’ त्याच्या पाठोपाठ आलेलंच असतं. खरं असेल तर मोटर तीस मिलिसेकंद उशिरा थांबेल, ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. उबुंटू एक्स ११ वरच चालत असेल आणि टर्मिनलमध्ये एक्ससेट आर ऑफ दिलंत तर हा प्रकार मुळातूनच बंद होतो, पण मग सगळ्याच प्रोग्रामांत होतो. पत्र टाइप करताना बॅकस्पेस धरून ठेवलंत तर एकच अक्षर पुसलं जाईल आणि घरचे विचारतील, कीबोर्डला काय झालं. काम झाल्यावर एक्ससेट आर ऑन देऊन पूर्ववत करा.